अणू, आरसा आणि आपली अपुरी चित्रे

(मननासाठी शास्त्रभाग : करिंथकरांस पहिले पत्र १३:८-१३, कलस्सैकरांस पत्र १:१५-१७)





पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्या माणसाचे बरेचसे आयुष्य एकेका शब्दापाशी थांबण्यात जाते. असाच एक शब्द करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात, बावन्नाव्या वचनात आहे. शेवटला कर्णा वाजेल तेव्हा आपण सर्व जण बदलून जाऊ. ते किती वेळात घडेल हे सांगताना पौल 'अतोमोस' हा ग्रीक शब्द योजतो. 'तोमोस' म्हणजे काप, तुकडा. आणि आरंभीचा 'अ' आपल्या 'अखंड', 'अभंग' या शब्दांतल्यासारखाच नकारवाचक आहे. ज्याचे आणखी तुकडे होऊ शकत नाहीत ते 'अतोमोस'. पौल हा शब्द काळाला लावतो : काळाचा इतका सूक्ष्म अंश की त्याचे दोन भाग करता येऊ नयेत. मराठीत आपण तेथे 'क्षण' म्हणतो, आणि ते योग्यच आहे. संपूर्ण नव्या करारात हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी आढळतो.

शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांना हा शब्द ऐकताच ओळखीचा वाटेल. इंग्रजीतील 'अ‍ॅटम' हा शब्द त्याच्यापासूनच आला. म्हणजे पुनरुत्थानाच्या अध्यायात पौलाने वापरलेला शब्द आणि विज्ञानाच्या पुस्तकातील अणू हे एकाच घराण्यातले आहेत. तथापि यावरून 'पाहा, पौलाला अणुविज्ञान ठाऊक होते' असा निष्कर्ष कोणी काढू नये. तसा निष्कर्ष काढण्याचा मोह किती बळकट असतो आणि तो आपल्याला कोठे नेतो, हे मी स्वतः अनुभवले आहे. तो अनुभव आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे. पण तो नीट समजण्यासाठी आधी अणूची गोष्ट सांगितली पाहिजे.

अथेनै नगरातील श्रोते

ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकात ल्युसिप्पस आणि त्याचा शिष्य डेमॉक्रिटस या ग्रीक तत्त्ववेत्त्यांनी असे मांडले की, सर्व वस्तू अतिसूक्ष्म, अभाज्य कणांच्या बनलेल्या आहेत आणि त्या कणांच्या भोवती केवळ पोकळी आहे. आपल्या देशातही वैशेषिक दर्शनाचे प्रणेते मानले गेलेले कणाद यांच्या परंपरेत परमाणूचा विचार झाला. या दोन्ही ठिकाणी प्रयोगशाळा नव्हती. होता तो केवळ विचार. एखादी वस्तू तोडत तोडत गेले तर शेवटी काय उरेल, हा प्रश्न माणसाला पडला आणि त्याने आपल्या बुद्धीने उत्तर शोधले.

पुढे एपिकूर या तत्त्ववेत्त्याने डेमॉक्रिटसचे मत स्वीकारले व वाढवले. त्याच्या मते माणसाचा आत्मादेखील सूक्ष्म कणांचाच बनलेला आहे आणि मरणाबरोबर ते कण विखरून जातात. म्हणून मरणानंतर काहीच नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात पौल अथेनै येथे एपिकूरपंथी लोकांशी वाद करताना दिसतो. पौलापुढे उभे असलेले ते श्रोते अणूवर विश्वास ठेवणारे होते! मृतांच्या पुनरुत्थानाविषयी ऐकताच त्या सभेतील कित्येकांनी थट्टा केली, याचे आपल्याला आश्चर्य वाटावयास नको.

या कारणाने अणूची कल्पना ख्रिस्ती विचारवंतांना पुष्कळ काळ संशयास्पद वाटत राहिली. अणू म्हटला की देव नाही असे म्हणावे लागते, असा समज रूढ झाला होता. सतराव्या शतकात प्येर गॅसेंदी या फ्रेंच कॅथलिक धर्मगुरूने दाखवून दिले की, अणू मानावा आणि त्या अणूचा निर्माता देवही मानावा, यात विसंगती नाही. त्याच शतकात रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने पदार्थ सूक्ष्म कणांचे बनलेले असतात या मताचा पुरस्कार केला. या बॉइलविषयी आम्हा भाषांतरकारांना विशेष जिव्हाळा वाटतो. कारण आयरिश भाषेतील पवित्र शास्त्राच्या छपाईसाठी त्याने स्वतःचा पैसा खर्च केला होता. प्रयोगशाळा आणि शास्त्रवचन या दोहोंवर एकाच माणसाने प्रेम केले.

चित्रे बदलत गेली

अणूचे पहिले शास्त्रीय चित्र रेखाटले ते जॉन डाल्टन याने. हा इंग्लंडमधील एका विणकराचा मुलगा, क्वेकर पंथाचा, वयाच्या बाराव्या वर्षापासून मुलांना शिकवू लागलेला. निरनिराळी मूलद्रव्ये एकमेकांशी ठरावीक प्रमाणातच संयोग पावतात, याचे कारण त्याने शोधले. १८०८ साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या ग्रंथात त्याने लिहिले की, प्रत्येक मूलद्रव्याचे अणू विशिष्ट वजनाचे असतात आणि ते निर्माण करता येत नाहीत की नष्ट करता येत नाहीत. त्याचा अणू म्हणजे भरीव, अभेद्य गोळी. डाल्टनच्या हातून चुकाही झाल्या. पाण्यात हायड्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो, असे त्याने धरले. वस्तुतः हायड्रोजनचे दोन असतात. तरी रसायनशास्त्राची इमारत त्याच्या पायावर उभी राहिली.

पुढे १८९७ मध्ये केंब्रिज येथे जे. जे. टॉमसन याने इलेक्ट्रॉन शोधला. हायड्रोजनच्या अणूहून सुमारे अठराशे पटींनी हलका, ऋण विद्युतभार असलेला हा कण सर्व पदार्थांत सापडला. अभाज्य म्हटलेल्या अणूच्या आत आणखी काही आहे, हे सिद्ध झाले. मग टॉमसनने नवे चित्र काढले : धन विद्युतभाराचा एक गोळा आणि त्यात रोवलेले इलेक्ट्रॉन. आपल्याकडच्या रव्याच्या लाडवात बेदाणे असावेत तसे.

टॉमसनचा एक शिष्य होता, न्यूझीलंडहून आलेला अर्नेस्ट रदरफोर्ड. १९०९ साली मँचेस्टर येथे त्याच्या देखरेखीखाली हान्स गायगर आणि अर्नेस्ट मार्सडेन हे एक प्रयोग करीत होते. धातूच्या अतिशय पातळ पत्र्यावर अल्फा कण सोडावयाचे आणि ते पलीकडे कोठे जाऊन आदळतात ते अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकातून पाहत मोजावयाचे. मार्सडेन तेव्हा अवघा वीस वर्षांचा विद्यार्थी होता. काही कण मागे तर फिरत नाहीत ना, तेही पाहा, असे रदरफोर्डने त्याला सुचवले. टॉमसनचे चित्र खरे असते तर एकही कण मागे फिरावयास नको होता; लाडवावर बंदुकीची गोळी झाडली तर ती परत थोडीच येणार? पण कण मागे फिरले. फार थोडे, सुमारे आठ हजारांत एक, परंतु फिरले. रदरफोर्ड पुढे सांगत असे की, तोफेचा गोळा पातळ कागदावर आदळून उलट आपल्याच अंगावर यावा, तसे ते अविश्वसनीय होते.

दोन वर्षे त्याने या आठ हजारांतील एका कणाचा विचार केला. १९११ मध्ये त्याने जाहीर केले की, अणूचे जवळजवळ सर्व वस्तुमान त्याच्या मध्यभागी एका अतिसूक्ष्म केंद्रकात एकवटलेले आहे; बाकीचा अणू म्हणजे बहुतांशी पोकळी. किती पोकळी? प्रभूने ज्याचा दृष्टान्त दिला तो मोहरीचा दाणा घ्या. हायड्रोजनचे केंद्रक त्या दाण्याएवढे आहे असे मानले, तर त्याच्या अणूचा व्यास सुमारे शंभर मीटर होईल. ज्या भूमीला आपण 'टणक' म्हणतो ती असल्या पोकळीची बनलेली आहे.

येथे क्षणभर थांबू या. रदरफोर्डने आपल्या गुरूचे चित्र बाजूला ठेवले, पण गुरूने शोधलेला इलेक्ट्रॉन टाकून दिला नाही. तो इलेक्ट्रॉन नव्या चित्रात तसाच राहिला. चित्र मोडले, त्यातील सत्याचा अंश पुढे गेला.

मात्र रदरफोर्डच्या चित्रातही एक अडचण होती. केंद्रकाभोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनने, त्या काळी ज्ञात असलेल्या नियमांनुसार, प्रकाशरूपाने आपली ऊर्जा गमावत एका निमिषाच्याही आत केंद्रकात कोसळावयास हवे होते. तसे असते तर ना दगड उरला असता, ना देह. १९१३ मध्ये डेन्मार्कच्या नील्स बोर याने म्हटले की, इलेक्ट्रॉन काही ठरावीक कक्षांतच राहू शकतो आणि एका कक्षेतून दुसरीत जाताना तेवढा प्रकाश देतो किंवा घेतो. हायड्रोजनच्या प्रकाशातील रेषांचे कोडे या चित्राने अचूक सोडवले. मुलांच्या पुस्तकांवर अणू म्हणून जे चित्र छापतात, सूर्याभोवती ग्रह फिरावेत तसे, ते याच काळातले. पण त्याच्यापुढचा हेलियमचा अणू आला आणि बोरचे चित्र तेथेच अडखळले. त्यात इलेक्ट्रॉन असतात अवघे दोन.

मग १९२५-२६ मध्ये हायझेनबर्ग, श्रोडिंगर व बॉर्न यांच्या संशोधनातून आजचे चित्र आले. खरे म्हणजे त्याला चित्र म्हणणेही कठीण आहे. इलेक्ट्रॉन अमुक वाटेने फिरतो असे आता म्हणता येत नाही. तो अमुक ठिकाणी सापडण्याचा संभव किती, एवढेच सांगता येते. १९३२ मध्ये चॅडविकने केंद्रकातील न्यूट्रॉन शोधला. १९६४ मध्ये प्रोटॉन व न्यूट्रॉन हेही क्वार्क नावाच्या आणखी लहान कणांचे बनलेले आहेत, ही कल्पना मांडली गेली आणि १९६८ पासूनच्या प्रयोगांनी तिला आधार मिळत गेला. अभाज्य म्हटलेल्या वस्तूच्या आत अशी दारामागून दारे उघडत गेली. नाव मात्र आजही तेच राहिले आहे : 'न कापता येणारा'.

या इतिहासातील एक घटना मला फार बोलकी वाटते. इलेक्ट्रॉन हा कण आहे हे दाखवणाऱ्या जे. जे. टॉमसनला १९०६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्याचा मुलगा जॉर्ज टॉमसन याने पुढे प्रयोगाने दाखवले की, इलेक्ट्रॉन तरंगासारखाही वागतो. त्यालाही १९३७ साली डेव्हिसन या शास्त्रज्ञाबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. पित्याने म्हटले कण. पुत्राने म्हटले तरंग. दोघेही बरोबर होते. वस्तूच अशी होती की एका शब्दात मावत नव्हती.

माझी चूक

आता माझा अनुभव. पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तिशीत होतो. ईश्वरविज्ञानाची पदवी हाती होती आणि ग्रीक शब्दांचा उत्साह अंगात होता. महाराष्ट्राबाहेरच्या एका शहरातील मराठी मंडळीत मला रविवारच्या उपासनेत उपदेश करण्यास बोलावले होते. कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील सतरावे वचन मी घेतले. सर्व काही ख्रिस्ताच्या ठायी टिकून आहे, असे पौल तेथे म्हणतो. मी मोठ्या आवेशाने सांगितले : 'केंद्रकात धन विद्युतभाराचे प्रोटॉन एकमेकांना खेटून असतात. समान भार एकमेकांना दूर लोटतात. मग केंद्रक फुटून का जात नाही? विज्ञानाला उत्तर ठाऊक नाही! आपल्याला ठाऊक आहे : ख्रिस्त त्यांना धरून ठेवतो.' मंडळीने मोठ्याने 'आमेन' म्हटले. मला धन्य वाटले.

उपासना संपल्यावर सगळे चहाला थांबले असताना एक मुलगी जवळ आली. पदार्थविज्ञान घेऊन बी. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती.

"काका, रागावणार नसाल तर एक विचारू?"

"विचार की, बाळ."

"प्रोटॉनना एकत्र ठेवणारं बल शास्त्रज्ञांना माहीत आहे. आम्हांला परीक्षेला आहे ते. युकावा नावाच्या जपानी शास्त्रज्ञानं १९३५ मध्ये त्याचा सिद्धान्त मांडला. त्यानं सांगितलेला कण १९४७ मध्ये सापडलासुद्धा."

मी काहीतरी बोलण्याचा प्रयत्न केला. ती नम्रपणे थांबली आणि मग हळूच म्हणाली, "मग काका, ते बल सापडल्यावर ख्रिस्ताचं काम संपलं का? मला हे आधीपासून ठाऊक होतं. त्यामुळे तुम्ही बोलत होता तेव्हा सगळे आमेन म्हणाले आणि मी एकटीच म्हणू शकले नाही."

वाचकहो, त्या वेळी मला प्रथम राग आला, हे कबूल केले पाहिजे. विशीतल्या मुलीने उपदेशकाला शिकवावे! मी तिला म्हटले, 'विज्ञान आज एक सांगते, उद्या दुसरे. वचन मात्र बदलत नाही.' ती 'बरं काका' म्हणून निघून गेली. परतीच्या गाडीत मला झोप लागली नाही. माझे शेवटचे वाक्य खरे होते. पण ते मी स्वतःला वाचवण्यासाठी वापरले होते. वचन बदलले नव्हते. मी वचनाला लावलेला टेकू पडला होता, आणि तो टेकू म्हणजेच वचन असे मी त्या मुलीला भासवले होते. तिच्यापुढे मी अशी निवड ठेवली होती की, एक तर तिला जे खरे म्हणून ठाऊक आहे ते विसरावे, नाहीतर ख्रिस्ताला सोडावे. प्रभूने अशी निवड कोणापुढेही ठेवलेली नाही.

वचन खरोखर काय म्हणते

घरी आल्यावर मी तो शास्त्रभाग पुन्हा उघडला. पौलाने तेथे 'ता पान्ता', म्हणजे 'सर्व काही', असे लिहिले आहे. 'जे तुम्हांला कळत नाही ते सर्व' असे लिहिलेले नाही. क्रियापदाचे रूपही असे आहे की, एकदा घडलेली आणि आजही चालू असलेली स्थिती त्यातून व्यक्त होते. म्हणजे ज्याचे कारण आपल्याला समजले तेही ख्रिस्ताच्या ठायी टिकून आहे आणि ज्याचे समजले नाही तेही. केंद्रकातील बल जर प्रोटॉनना एकत्र ठेवते, तर ते बलही त्या 'सर्व काही'मध्ये आले. पाऊस कसा पडतो हे कळल्यामुळे पावसासाठी देवाचे उपकार मानणे आपण सोडले काय?

डीट्रिख बॉनहोफर हा जर्मन ईश्वरविज्ञानी नाझींच्या तुरुंगात असताना पदार्थविज्ञानावरील एक पुस्तक वाचत होता. १९४४ च्या मे महिन्यात मित्राला लिहिलेल्या पत्रात त्याने हीच गोष्ट मांडली : आपल्या ज्ञानातील भोके बुजवण्यासाठी देवाचा उपयोग करू नये, कारण ज्ञान वाढत जाते तसतसा तो देव मागे मागे ढकलला जातो. जे आपल्याला कळते त्यात आपण देवाला शोधावे. पुढच्याच वर्षी त्याला फाशी देण्यात आले. ते पत्र मी माझ्या विद्यार्थिदशेत वाचले होते, परीक्षेत त्यावर लिहिलेही होते. तरी उपदेशपीठावर उभा राहिलो तेव्हा विसरलो.

अशीच गल्लत आणखी एका ठिकाणी होत असलेली मी पाहतो. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तत्त्वे तापून लयास जातील, असे म्हटले आहे. अणुबाँबचे भाकीत येथे आहे, असे कित्येक जण सांगतात. मूळ शब्द आहे 'स्तोइखेया'. त्याचा अर्थ भाषेतील मुळाक्षरे असा होतो, पंचमहाभूतांसारखी मूलतत्त्वे असाही होतो, आकाशातील ज्योती असाही काही ठिकाणी घेतला जातो. आणि पौल गलतीकरांस लिहिताना तोच शब्द ज्या गोष्टींनी माणसाला दास करून ठेवले त्यांना लावतो. त्या शब्दात आजच्या विज्ञानाचा अणू भरणे म्हणजे प्रेषिताच्या तोंडी आपले शब्द घालणे होय. पेत्राला तेथे सांगावयाचे आहे की, हे सर्व लयास जाणार आहे तर तुम्ही पवित्रपणाने कसे जगावे. बाँबच्या चर्चेत नेमका तोच प्रश्न बाजूला पडतो.

शब्द किती जपून वापरावे लागतात याचे साधे उदाहरण आपल्या घरातच आहे. महाराष्ट्रातील शाळांत 'अ‍ॅटम'ला 'अणू' म्हणतात आणि अनेक अणूंच्या संयोगाला 'रेणू'. इंदूर, जबलपूर, दिल्ली येथे हिंदी माध्यमात शिकणाऱ्या मराठी कुटुंबांतील मुलांना मात्र 'अ‍ॅटम' म्हणजे 'परमाणु' आणि 'अणु' म्हणजे आपला रेणू, असे शिकवले जाते. सुटीत चुलतभावंडे एकत्र आली की एकच शब्द बोलतात आणि दोन निराळ्या वस्तू मनात आणतात. आजच्या दोन शेजारी भाषांत असे होते, तर वीस शतकांपूर्वीच्या शब्दाबाबत आपण किती सावध असले पाहिजे!

आरशातील मुख

आता तेराव्या अध्यायाकडे वळू. तेथे पौल म्हणतो की, आपल्याला अंशतः कळते. आपण जणू आरशात पाहत आहोत आणि जे दिसते ते कोड्यासारखे आहे. एकदा या अध्यायाच्या नव्या भाषांतराचा मसुदा एका खेड्यातील मंडळीत वाचून दाखवत असताना एक वृद्ध बाई मध्येच म्हणाल्या, "पण भाऊ, आरशात अंधूक कसं दिसंल? आमच्या आरशात तर हनवटीवरला तीळसुद्धा दिसतो!" सगळे हसले. परंतु आजींनी जे विचारले ते आम्हा शिकलेल्यांच्या ध्यानात आले नव्हते. पौलाच्या काळी आरसे घासून चकचकीत केलेल्या धातूचे असत. त्यात मुख दिसे, ओळखू येई, पण आजच्या काचेतल्यासारखे लख्ख नव्हे.

या दृष्टान्तात दोन गोष्टी आहेत आणि दोन्ही एकत्र धराव्यात. पहिली ही की, आरशात जे दिसते ते खोटे नसते. टॉमसनने पाहिलेला इलेक्ट्रॉन खरा होता, रदरफोर्डचे केंद्रक खरे होते. तद्वत, देवाविषयी आपण जे मानतो आणि कबूल करतो, ते केवळ आपल्या कल्पनेचे खेळ नव्हेत. देवाने स्वतःला प्रकट केले आहे. शब्द देही झाला. अदृश्य देवाचे प्रतिरूप आपण ख्रिस्तामध्ये पाहिले आहे. ख्रिस्त हा आपण काढलेल्या चित्रांपैकी एक चित्र नव्हे. सर्व चित्रे ज्याच्यापुढे तपासावयाची तो तो आहे.

दुसरी गोष्ट ही की, आरशातील प्रतिमा म्हणजे प्रत्यक्ष मुख नव्हे. ख्रिस्ताविषयीचे आपले आकलन, आपली स्पष्टीकरणे, आपले दृष्टान्त, एखाद्या वचनाचा आपण लावलेला अर्थ, ही सर्व आरशातील प्रतिमेसारखी आहेत. त्यांना दुरुस्ती लागते. शतकभराहून अधिक काळ शास्त्रज्ञांनी अणूची चित्रे बदलली. त्यामुळे अणूचे काही बिघडले नाही. प्रत्येक नव्या चित्राबरोबर तो होता तसाच राहिला. माणसाला मात्र तो अधिक कळला. आपले एखादे स्पष्टीकरण चुकीचे ठरले तर देवाचे काही बिघडत नाही. बिघडते ते तेव्हा, जेव्हा आपण ते स्पष्टीकरण छातीशी धरून सांगतो की, हे सोडायचे असेल तर देवालाही सोडा.

आणि दुरुस्ती कोठून येते? मार्सडेन वीस वर्षांचा विद्यार्थी होता. आठ हजारांतील तो एक कण नोंदवण्यालायक नाही, असे रदरफोर्ड म्हणू शकला असता. आपल्या मंडळ्यांत असा 'आठ हजारांतील एक' बहुधा एखादा तरुण किंवा तरुणी असते. सगळे आमेन म्हणतात तेव्हा तिचे ओठ मिटलेले असतात. शब्बाथशाळेत एखादा मुलगा विचारतो, 'सर, मग डायनोसॉरचे काय?' आणि आपण त्याला 'गप्प बस' म्हणतो. तो गप्प बसतो; पुढे काही वर्षांनी तो येईनासा होतो. मग आपण म्हणतो, 'आजची पिढी बिघडली.' पालकहो, पाळकहो, आपण त्यांचे ऐकून घेतले होते काय?

पौलाने हे सर्व प्रीतीच्या अध्यायात लिहिले, हे विसरू नये. ज्ञान अंशतः आहे म्हणून तो ज्ञानाची निंदा करीत नाही. ज्ञान सरून जाईल, प्रीती टिकेल, असे तो सांगतो. म्हणून ज्याला आपल्याहून अधिक कळते त्याच्यावर रागावण्याचे कारण नाही, आणि ज्याला आपल्याहून कमी कळते त्याला हिणवण्याचेही नाही. तरुणांनो, हे तुमच्यासाठीही आहे. त्या मुलीने मला सर्वांसमोर खोटे पाडले नाही. ती चहाच्या वेळी एकटी आली, 'काका' म्हणाली, परवानगी मागितली. तिचे ज्ञान बरोबर होते आणि तिची रीतही प्रीतीची होती. चूक फक्त माझी होती.

काही महिन्यांनी त्याच मंडळीत पुन्हा जाण्याचा योग आला. उपदेशाच्या आरंभी मी मागच्या वेळी सांगितलेली गोष्ट चुकीची होती, असे उभे राहून सांगितले आणि ती कोणाकडून कळली तेही, नाव न घेता, सांगितले. मला वाटले होते की माझ्यावरचा लोकांचा विश्वास उडेल. उपासनेनंतर एक निवृत्त शिक्षक माझा हात धरून म्हणाले, "साहेब, आज मला तुमचं खरं वाटलं." ती मुलगी मागच्या बाकावर होती. त्या दिवशी शेवटच्या प्रार्थनेला तिने आमेन म्हटले की नाही, हे मी पाहिले नाही. माझे डोळे मिटलेले होते. पण जाताना ती हसून म्हणाली, "येते, काका."

त्या वचनाच्या शेवटी पौल जे म्हणतो ते मला दरवर्षी अधिक मोलाचे वाटू लागले आहे. आज मला अंशतः कळते; पण देव मला पूर्णपणे ओळखतो. माझे तारण मला देव किती अचूक समजला यावर अवलंबून असते तर माझी आशा केव्हाच संपली असती. ते त्याने मला ओळखले आणि आपले म्हटले यावर उभे आहे. म्हणून आपण न भिता शिकू शकतो, न भिता चूक कबूल करू शकतो आणि मुलांच्या प्रश्नांना न भिता म्हणू शकतो, 'बाळ, मला ठाऊक नाही. चल, आपण दोघे मिळून शोधू.' एक दिवस, काळाच्या त्या न कापता येणाऱ्या अंशात, आपण बदलून जाऊ आणि आरसा बाजूला होईल. तोवर आपण विश्वास, आशा आणि प्रीती धरून राहू या.

प्रार्थना : हे सर्वसमर्थ पित्या, तू जे सूक्ष्म केलेस ते आमच्या बुद्धीला पुरून उरते आणि तू जो महान आहेस तो आमच्या शब्दांत मावत नाहीस. आमच्या अपुऱ्या चित्रांना तुझ्या जागी बसवल्याची आम्हांला क्षमा कर. जे आम्हांला प्रश्न विचारतात त्यांचे ऐकण्याइतकी नम्रता आम्हांला दे. प्रयोगशाळेत आणि वर्गात शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींना तुझ्या ठायी स्थिर ठेव, की जे खरे त्यांना कळेल त्यात त्यांनी तुलाच पाहावे. ज्याच्या ठायी सर्व काही टिकून आहे, त्या तुझ्या पुत्राच्या, येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.